साडी घेताय? आधी उलटी करून बघा!

ऑफिसात ‘ट्रॅडिशनल डे’ जाहीर झाला, की पहिला फोन आईला किंवा मावशीला. ‘तुझी ती जांभळी पैठणी दे ना एक दिवस!’ पण कधीतरी स्वतःच्या पगारातून पहिली साडी घ्यायची वेळ येतेच. जीन्सचं वॉश, टी-शर्टचं कॉटन आपण नीट पारखतो, पण साडीच्या दुकानात शिरल्यावर काउंटरवरचे काका म्हणतील ते ‘प्युअर’! म्हणूनच हा क्रॅश कोर्स. नियम एकच : रंगाला भुलण्याआधी साडीची उलटी बाजू बघा.

पैठणी : आत-बाहेर सारखीच
येवला आणि पैठणच्या हातमागावर पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. रंग बदलला की एका रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवायचा. त्यामुळे नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदर असेल, तर विणायला कित्येक आठवडे लागतात, कधी काही महिनेसुद्धा. मागच्या बाजूला धाग्यांचं जाळं दिसलं, तर ती या जुन्या पद्धतीने विणलेली नाही, हे ओळखा. मात्र हाच नियम बनारसीला लावू नका हं! तिथे जरीचे जादा धागे मागे सोडून नंतर कापण्याचीही रीत आहे.

चंदेरी : झिरझिरीत, पण दिमाखदार
मध्य प्रदेशातल्या चंदेरीची पारदर्शक चमक येते ती रेशमाच्या नैसर्गिक डिंकामुळे. इतर ठिकाणी हा डिंक उकळून काढतात, चंदेरीत तो राहू देतात. सिल्क-कॉटन चंदेरी अगदी हलकी असते. मुंबईच्या लोकलमध्ये नेसून जायचं असेल, तर यासारखी मैत्रीण नाही.

महेश्वरी : टू-इन-वन
नर्मदाकाठच्या महेश्वरात अहिल्याबाई होळकरांनी विणकर वसवले आणि या साडीला राजाश्रय मिळाला. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा हे तिचं लोकप्रिय रूप. दिसायला सिल्क, अंगाला कॉटन! अनेक महेश्वरींचा काठ दोन्ही बाजूंनी सुबक असतो. म्हणजे उलटी नेसली तरी चालते. एका किमतीत दोन साड्या!

इरकल : आजीची, पण सुपरकूल
कर्नाटकातल्या इळकलची ही साडी महाराष्ट्रातल्या घराघरांत रुळलेली. अंग सुती, पदर तांबड्या-पांढऱ्या रेशमाचा, अशी पारंपरिक जोडी. गंमत म्हणजे पदर शिवून जोडलेला नसतो. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. सांधा जवळून बघा, ही कमाल दिसेल.

‘सेमी’ची गोष्ट
‘सेमी पैठणी’, ‘सेमी सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ ही काउंटरवरची लाडकी नावं. यातल्या ‘आर्ट’चा कलेशी काही संबंध नाही, ते आर्टिफिशियलचं शॉर्टफॉर्म! बजेट कमी असेल, तर अशी साडी जरूर घ्या, त्यात कमीपणा कसला? प्रॉब्लेम होतो तो पॉवरलूमचा माल हातमागाच्या भावात गळ्यात मारला जातो तेव्हा. तुमचे पैसे जातातच, शिवाय महिनाभर मागावर बसलेल्या विणकराच्या साडीला गिऱ्हाईक उरत नाही. मग त्याच्या मुलाने माग सोडून दुसरी नोकरी धरली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

लेबल वाचा
‘सिल्क मार्क’ (२००४ पासून) सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागावरची आहे असं तो सांगत नाही! त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ (२००६ पासून) बघा. शुद्ध रेशमाची पॉवरलूम साडीही असू शकते, म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. बिलावरही ‘प्युअर सिल्क, हातमाग’ असं स्पष्ट लिहून घ्या.

तरी शंका आलीच, तर दुकानदाराकडून कडेचे दोन-चार सुटे धागे मागा आणि घरी जाळून बघा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला जळक्या कागदाचा वास. पॉलिएस्टर मात्र वितळून टणक मणी बनतं.

आणि घरी आणल्यावर?
रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मऊ सुती कापडात गुंडाळा, परफ्यूम जरीपासून लांब ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच ती विरते. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे साडी नेसणे! त्यासाठी पुढच्या ट्रॅडिशनल डेची वाट कशाला बघायची? येत्या शुक्रवारीच महेश्वरी नेसून ऑफिसला जा. कुणी ‘आज काय विशेष?’ म्हणून विचारलंच, तर काठ उलटा करून दाखवा.