वेळ चुकलेला ध्वनी

जुन्नर तालुक्यातील खोडदची ‘जीएमआरटी’ ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण असून, तिच्या सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या तीन भुजांवरून प्रकाशतंतूंतून येणारे संकेत एकत्र करताना त्यांच्या वेळेतील मायक्रोसेकंदांचा फरकही भरून काढावा लागतो. संकेत पोहोचून भागत नाही, तो वेळेत बसावा लागतो, हा नियम शेजारच्या नारायणगावात, तमाशाच्या पंढरीत, ढोलकीचे ध्वनिमुद्रण संगणकावर करू पाहणाऱ्यालाही चुकत नाही.

मायक्रोफोनच्या विद्युत संकेताचे अंकांत रूपांतर करणाऱ्या बाह्य उपकरणास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे असे उपकरण दर मिलिसेकंदाला ४८ नमुने धाडते आणि त्यासाठी यूएसबीची ‘आयसोक्रोनस’, म्हणजे वेळेशी बांधलेली, वहनपद्धत वापरते. तीत जागा राखीव असते, परंतु हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही. त्यामुळे फाइलची नक्कल बिनचूक होत असलेल्या पोर्टवरही ढोलकीची थाप तुटते आणि मध्येच ‘कट्’ असा आवाज येतो.

२००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ने जुन्या चार संपर्कांना पाच नव्यांची जोड दिली. तरी बहुतेक ऑडिओ इंटरफेस आजही जुन्याच तारांवरून चालतात. बदलला तो कंट्रोलर, म्हणजे पोर्टवरील वाहतूक सांभाळणारी चिप. पूर्वी वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे असलेले कंट्रोलर जाऊन ‘एक्सएचसीआय’ हा एकच आला, आणि जुन्या कंट्रोलरची वेळ गृहीत धरून लिहिलेले काही ड्रायव्हर त्याच्याशी जुळेनात.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. प्रथम केबल बदलावी, कारण काही टाइप-सी केबल केवळ चार्जिंगच्या असतात. मग ड्रायव्हर अद्ययावत करून पोर्टची वीजबचत बंद करावी. तरीही आवाज तुटल्यास बफर, म्हणजे नमुने क्षणभर साठवण्याची जागा, वाढवावी, मात्र त्याने आवाज कानी पडण्यास थोडा उशीर होतो. अखेरीस मध्ये यूएसबी २.० चा हब लावून पाहावा. सलग घुमणारा आवाज मात्र निराळा: लॅपटॉपचा चार्जर काढताच तो थांबला, तर दोष पोर्टचा नसून चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या वाटेने आलेल्या विजेचा समजावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा आवाज सुधारला तरी दोष कोठे होता हे कळत नाही.