सुईचे भोक आणि समुद्राचे पाणी



जून महिना आला की मीरा रोड आणि भाईंदर स्टेशनबाहेर छत्र्या, रेनकोट आणि प्लॅस्टिकचे कापड विकायला येते. तुम्हीही शाळेसाठी रेनकोट घेतला असेल. मी आठवीत असताना अब्बांनी मलाही नवा रेनकोट घेऊन दिला होता. त्याचे कापड उत्तम होते. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळून जाई. तरीही पहिल्याच मोठ्या पावसात माझा खांदा भिजला. आत पाठीवर असलेले दप्तर भिजले आणि उर्दूच्या वहीतील शाई पसरली. महिनाभर लिहिलेली अक्षरे पुसून गेली. मला रडूच कोसळले.

घरी आल्यावर अम्मीने रेनकोट उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कापड कोठेही फाटलेले नव्हते. पण खांद्याच्या शिवणीवर उजेडाचे बारीक ठिपके ओळीने चमकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे सुईचे एक भोक!

सुई दोन कापडे जोडते. पण जोडताना भोकही पाडते. मग पाण्यात वापरायचे कपडे शिवायचे कसे? हेच आज आपण समजून घेऊ.

आधी एक छोटा प्रयोग करा. प्लॅस्टिकची एक स्वच्छ पिशवी घ्या. तिच्या तळाशी सुती धाग्याने दहा टाके घाला. आता पिशवीत पाणी भरून ती बादलीवर धरा. टाक्यांतून पाणी ठिबकू लागेल. येथे दोन गोष्टी घडतात. सुईच्या भोकातून पाणी बाहेर येते. शिवाय, दिव्याची वात जसे तेल ओढून घेते, तसा सुती धागाही पाणी ओढून घेतो. आता पिशवी पुसून कोरडी करा, टाक्यांवर चिकटपट्टी नीट दाबून लावा आणि पुन्हा पाणी भरा. ठिबकणे बरेच कमी झालेले दिसेल. टाके तेच आहेत. फक्त त्यांच्या वाटा बंद झाल्या.

ही अडचण नवी नाही. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी ब्रिटनमध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड तयार केले. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले, तेव्हा शिवणीतून पाणी आत येऊ लागले. कापड जिंकले आणि शिवण हरली!

आपल्या समुद्रातील नावाड्यांना तर ही गोष्ट त्याही आधीपासून ठाऊक होती. चौदाव्या शतकातील प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. हिंदुस्थान आणि यमनची जहाजे नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेली असतात, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात सांगितले आहे. खडकावर आपटले तर खिळ्यांचे जहाज फुटते, पण शिवलेले जहाज थोडे लवते, हे कारणही ते देतात. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रात जुने जहाज दिसते. त्याच्या आधाराने गोव्यात अशाच पद्धतीचे एक जहाज बांधले गेले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत आणि सांधे नैसर्गिक राळेने बंद केले आहेत. येथे दोरीचे काम वेगळे आणि राळेचे काम वेगळे. दोरी धरून ठेवते, राळ पाणी अडवते.

हेच दोन नियम घेऊन आता समुद्राच्या आत उतरू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व तारकर्ली येथे लोक पाण्याखालची दुनिया पाहायला उतरतात. तेव्हा ते अंगाला घट्ट बसणारा, रबरासारखा लवचीक पोशाख घालतात. त्याला वेटसूट म्हणतात. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. समुद्राचे त्याहून कमी. पाणी हवेपेक्षा वीस पटींहूनही अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जास्त वेळ पाण्यात राहिलेला माणूस कुडकुडू लागतो. फार थंड समुद्रात तर त्याच्या जिवावरही बेतू शकते.

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. हे बुडबुडेच शरीराची ऊब राखतात. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी असा पोशाख तयार केला. ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असलेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी ओळखले. वेटसूटमध्ये थोडे पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. ते तेथेच राहिले तर काही बिघडत नाही. पण शिवण गळकी असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर जाते आणि थंड पाणी आत येते. मग बुडबुड्यांची सारी मेहनत वाया जाते.

म्हणून चांगल्या वेटसूटची शिवण सुईने सुरू होत नाही, ती चिकटवण्याने सुरू होते. सायकलचे पंक्चर काढणारा काय करतो ते आठवा. तो ट्यूब घासतो, सोल्यूशन लावतो आणि लगेच चिकटवत नाही. सोल्यूशन किंचित सुकू देतो आणि मगच पट्टी दाबतो. निओप्रीनच्या तुकड्यांच्या कडांनाही असेच सोल्यूशन लावतात, ते सुकू देतात, दुसरा हात देतात आणि मग कडेला कड दाबून बसवतात. जो कारागीर घाई करतो, त्याचा जोड उघडतो.

यानंतर सुईची पाळी येते. टाके मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला ओव्हरलॉक. तुमच्या सदऱ्याच्या आतील कडांवर हाच टाका दिसेल. तो स्वस्त आणि सोपा आहे. पण आत उंचवटा राहतो आणि तो अंगाला घासतो. दुसरा फ्लॅटलॉक. यात एक कड दुसऱ्या कडेवर ठेवून सपाट शिवतात. तो मजबूत असतो आणि अंगाला बोचत नाही. पण सुई आरपार जात असल्याने भोके पुष्कळ पडतात. म्हणून हे दोन्ही टाके उबदार पाण्याच्या पोशाखांना चालतात. तिसरा आंधळा टाका. याची सुई वाकडी असते. ती ज्या बाजूने आत शिरते त्याच बाजूने बाहेर येते. रबराच्या आरपार जातच नाही. त्यामुळे भोक अर्ध्यातच थांबते. थंड समुद्रासाठी हाच टाका वापरतात. शेवटी आतून शिवणीवर लवचीक पट्टी चिकटवतात किंवा पातळ रबराचा थर देतात.

तुम्ही विचाराल, “सोल्यूशनने जोड बसला, तर टाके कशाला?” पोहणारा हात फेकतो, पाय मारतो, तेव्हा शिवणीवर ताण येतो. नुसता चिकटवलेला जोड हळूहळू सुटू शकतो. धागा तो ताण झेलतो. नुसता धागा असेल तर पाणी आत येते. नुसते सोल्यूशन असेल तर जोड सुटण्याची भीती असते. दोघे मिळूनच काम होते.

माझ्या रेनकोटचे काय झाले? अम्मीने तो सुकवला आणि आतून खांद्याच्या शिवणीवर सोल्यूशनने पट्टी बसवली. हे काम तिने गॅलरीत, मोकळ्या हवेत केले, कारण त्याचा वास उग्र असतो. पुढे दोन पावसाळे माझी एकही वही भिजली नाही.

मित्रांनो, दुकानात आपण रंग पाहतो, कापड चाचपतो. शिवण मात्र कोणी पाहत नाही. पुढच्या जूनमध्ये रेनकोट घ्याल तेव्हा तो उलटा करून पाहा. खांद्यावर आणि टोपीच्या जोडावर आतून पट्टी आहे का, ते तपासा. आपल्या शहरातील गाळ्यांमध्ये दिवसभर मशीनवर बसणारे कितीतरी हात अशाच शिवणी घालतात. त्यांच्यापैकी कोणी तुमचे अब्बा, चाचा किंवा खाला असतील. त्यांचे चांगले काम बाहेरून दिसत नाही. पाऊस आला की कळते.

स्वाध्याय
१. सुती धाग्याची तुलना दिव्याच्या वातीशी का केली आहे?
२. ‘कौंडिण्य’ जहाजात दोरीचे काम कोणते आणि राळेचे कोणते?
३. आंधळ्या टाक्याची सुई वाकडी का असते?
४. घरातील एखादा रेनकोट उलटा करून पाहा आणि त्याच्या शिवणीविषयी पाच वाक्ये लिहा.