आघाततरंगांचा नेम

आघाततरंग

ज्या लाटेच्या पुढच्या कडेशी दाब जवळजवळ क्षणात शिखर गाठतो, ती लाट म्हणजे आघाततरंग. स्फोट, वीज, ध्वनीहून वेगवान विमान यांच्यापासून असे तरंग निघतात. साध्या ध्वनीत दाब सावकाश चढतो आणि उतरतो. मुतखडा फोडायला वापरतात त्या आघाततरंगात तो काही नॅनोसेकंदांत वर जातो आणि काही मायक्रोसेकंदांत सारे संपते.

पसरण्याचा नियम

एका बिंदूपासून मोकळी सुटलेली लाट सर्व दिशांना पसरते. अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच क्षेत्रफळावर पोहोचणारी ऊर्जा चौथाईवर येते. भूकंपलहरी हे आघाततरंग नव्हेत, पण पसरण्यातून त्यांचीही सुटका नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातला भातसा जलाशय भरू लागल्यानंतर १९८३ मध्ये भातसानगर-खर्डी परिसरात धक्के बसले. त्यांतला सप्टेंबरमधील सर्वांत मोठा सुमारे ४.९ तीव्रतेचा होता. जमिनीखाली एका जागी सुटलेली ती ऊर्जा जशी दूर गेली तशी विरळ होत गेली. मूत्रपिंडातला खडा शस्त्रक्रियेविना फोडणाऱ्या यंत्राला नेमके उलटे काम करायचे असते: पसरू पाहणारी लाट पुन्हा एका बिंदूवर आणायची.

दोन नाभी

जमिनीत दोन खुंट्या ठोकून त्यांना सैल दोरीची टोके बांधली आणि काठीने दोरी ताणत रेघ ओढली की लंबवर्तुळ तयार होते. खुंट्यांच्या जागा म्हणजे त्याच्या दोन नाभी. दोरीची लांबी बदलत नाही, म्हणून एका नाभीपासून कडेपर्यंत आणि तेथून दुसऱ्या नाभीपर्यंतचे एकूण अंतर कोणत्याही वाटेने सारखेच भरते. याच आकाराची अर्धी धातूची वाटी पाण्याने भरून पहिल्या नाभीशी ठिणगी पाडली, तर वाटीवर आपटून परतणारे लाटेचे सर्व भाग दुसऱ्या नाभीपाशी एकाच क्षणी पोहोचतात. खडा तेथेच असावा लागतो. वाटीला न लागता थेट पुढे जाणारा भाग थोडा आधी येतो, पण तो विखुरलेला आणि दुबळा असतो. अशा परावर्तकाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक रीबर यांच्या आघाततरंग निर्माण करणाऱ्या यंत्राला १९५१ मध्ये पेटंट मिळाले होते.

विमानापासून मूत्रपिंडापर्यंत

जर्मनीतील डॉर्नियर ही विमान बनवणारी कंपनी. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला इजा कशी होते, याचा अभ्यास तिचे अभियंते करत होते. त्यातून आघाततरंगांचा वैद्यकीय उपयोग सुचला. म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर उपचार केले. डॉर्नियरच्या एचएम-३ या यंत्राला अमेरिकेत डिसेंबर १९८४ मध्ये मान्यता मिळाली. या यंत्रात ठिणगीसाठी सुमारे वीस हजार व्होल्टचा दाब लागे, आणि नाभीपाशी वातावरणाच्या सुमारे चारशे पट दाब निर्माण होई.

पाण्याची वाट

एवढ्या दाबाने त्वचा का फाटत नाही? त्वचेतून शिरताना लाट रुंद क्षेत्रावर पसरलेली असते. एकवटते ती आत. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. पाणी आणि मऊ ऊती लाटेला जवळजवळ सारखाच विरोध करतात, म्हणून ती त्यांच्या सीमेवर फारशी अडत नाही. हवेच्या सीमेवर मात्र ती जवळजवळ पूर्ण परतते. म्हणूनच फुप्फुस आणि वायू भरलेले आतडे लाटेच्या वाटेत येऊ द्यायचे नसते. सुरुवातीच्या यंत्रांत रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवत. नंतर पाण्याने भरलेली उशी आणि त्वचेवर लावायचे जेल आले. जेलमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडेदेखील परिणाम घटवतात.

खडा फुटतो कसा

लाट खड्यात शिरते आणि मागच्या पृष्ठभागावरून परतताना दाबाचे रूपांतर ताणात होते. खडा दाब सोसतो, ताण सोसत नाही; म्हणून तो आतून तडकतो. कडेने जाणारी लाट त्याला आवळते. लाटेच्या शेपटीतील ऋण दाबामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते कोसळताना पृष्ठभाग कुरतडला जातो. हे बुडबुडे रेंगाळले तर पुढच्या तरंगाची ऊर्जा खातात. त्यामुळे मिनिटाला १२० ऐवजी ६० तरंग सोडले तर खडा अधिक चांगला फुटतो. येथे घाई उपयोगाची नाही.

स्रोत आणि नेम

ठिणगीखेरीज दोन मार्ग आहेत: विद्युतचुंबकीय धक्क्याने हलणारा धातूचा पडदा, आणि गोलाकार वाटीत बसवलेले दाबविद्युत स्फटिक. खड्याची जागा क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने ठरवतात. मूत्रपिंड श्वासाबरोबर वरखाली सरकते, त्यामुळे काही तरंग चुकतातच.

मर्यादा

गर्भारपण, रक्त न गोठण्याचा विकार आणि उपचाराविना राहिलेला मूत्रसंसर्ग असताना हा उपचार करत नाहीत. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला सहसा दुर्बिणीची शस्त्रक्रिया बरी. सिस्टीनचे खडे आणि कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचे घट्ट खडे दाद देत नाहीत. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातील तुकडे बाहेर पडायला वेळ लावतात. कधी ते मूत्रवाहिनीत रांगेने अडकतात. मूत्रपिंडाभोवती रक्तस्रावही होऊ शकतो.

शहापूरचा उन्हाळा

यंत्र खडा फोडते. लघवीतील क्षार मात्र तसेच राहतात. शरीरात पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि स्फटिक जमू लागतात. भातसाचे पाणी मुंबईची तहान भागवते, पण त्याच शहापूर तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वीटभट्टीवर दिवसभर घाम गाळणाऱ्या कातकरी मजुराला दोन्ही बाजूंनी धोका: घाम जास्त, पिण्याचे पाणी कमी. मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. उन्हातल्या मजुराला त्यासाठी याहून बरेच जास्त पाणी प्यावे लागते. फुटलेले तुकडेही लघवीच्या धारेनेच बाहेर पडतात. त्यामुळे मजुराच्या घरातला हंडा भरलेला असणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.