लग्नाच्या फोटोचे पहिले काम : भीतीवर तयारीचाच उतारा

लग्नसराई आली की वाशिम जिल्ह्यात कापड दुकानदाराइतकीच धावपळ फोटोवाल्याची असते. आपल्या तरुणांपैकी ज्यांना कॅमेऱ्याचे हुनर अवगत आहे, त्यांच्यासाठी हा हलाल कमाईचा चांगला मार्ग आहे. परंतु घरच्या कार्यक्रमात बिनधास्त फोटो काढणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा बयाणा पडला की त्याची झोप उडते. लग्नाचे कापड विकताना असे तरुण आम्ही नेहमी पाहतो. त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी येथे मांडत आहोत.

भीती कशाची?

ही भीती निराधार नाही. कापडाचा तुकडा चुकीचा फाडला गेला तर दुसरे थान उघडता येते. इजाब-कबूलची घटका निघून गेली तर ती परत येत नाही. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि बोटे थरथरतात. तेव्हा 'घाबरू नकोस' हा सल्ला कामाचा नाही. भीती ज्या प्रश्नांतून येते, त्यांची उत्तरे आदल्या दिवशीच तयार ठेवावीत. पुढे काय होणार, सामान बिघडले तर काय आणि घरवाल्यांना नेमके काय हवे, हे ते तीन प्रश्न.

यादी करा

अमेरिकेतील प्रसिद्ध शल्यविशारद अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची एक साधी यादी जाहीर केली. त्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले होते. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. निष्णात डॉक्टरला यादी लागते, तर नवख्या फोटोवाल्याने ती करण्यात कमीपणा कसला?

यादीचे दोन भाग करावेत. पहिला सामानाचा : दोन कॅमेरे (दुसरा भाड्याचा किंवा मित्राचा चालेल), चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या, रिकामी कार्डे, फ्लॅश आणि त्याचे सेल. सगळे फोटो एकाच कार्डावर ठेवू नयेत. एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये.

दुसरा भाग प्रसंगांचा : वरातीचे आगमन, वकील व गवाह, खुतबा, इजाब-कबूल, निकाहनाम्यावरील सह्या, गळाभेट, छुहारे, दस्तरखान, रुखसती. क्रम घराघरांत बदलतो, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना आणि काझीसाहेबांना आधी विचारून घ्यावे. हिंदू बांधवांकडचे काम असेल तर तेथेही हाच नियम. अंतरपाट दूर होतो आणि हार पडतात, तो क्षण मंगलाष्टकांनंतर डोळ्याचे पाते लवेपर्यंत निघून जातो.

कापड आणि उजेड

हा विषय आमच्या धंद्याचा, म्हणून थोडे सविस्तर. दिवसा लाल-पिवळ्या कनातीतून येणारा उजेड चेहऱ्यांवर त्याच रंगाची झाक टाकतो. शक्य तर नवरदेवाला मंडपाच्या मोकळ्या कडेला आणावे. फोटो रॉ पद्धतीने साठवले तर रंग नंतरही सुधारता येतो. छत पांढरे असेल तर फ्लॅश वर वळवावा. छत रंगीत असेल तर तोच रंग खाली उतरतो. जरीवर अगदी समोरून फ्लॅश पडला तर नक्षी पुसल्यासारखी दिसते. अशा वेळी फ्लॅश थोडा बाजूने द्यावा.

कॅमेऱ्याचे मीटर पांढऱ्याला करडे समजते, म्हणून पांढरेशुभ्र कुर्ते-टोप्या मळकट येतात. तेथे एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावे. काळी शेरवानी असेल तर तितकेच कमी करावे. संध्याकाळी उजेड कमी असला तर शटर १/१२५ च्या खाली नेण्यापेक्षा आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. हे सारे आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच मंडपात जाऊन पाहून यावे.

सौदा साफ, मन साफ

निम्मी भीती अर्धवट बोलीतून येते. किती तास, किती फोटो, अल्बम किती पानांचा, बयाणा किती आणि बाकी कधी, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न आधी विचारावा : महिलांच्या बाजूला फोटो काढायचे आहेत काय? काही घरांना ते मुळीच नको असते. काहींना महिला फोटोग्राफर हवी असते. आपली बहीण किंवा पत्नी हे काम शिकली तर दोघांनाही रोजगार मिळेल. काढलेले फोटो ही त्या घराची अमानत आहे. जाहिरातीसाठी मोबाईलवर टाकायचे असतील तर आधी इजाजत घ्यावी.

त्या दिवशी

मंडपात एक तास आधी पोचावे. सुरुवात माणसांपासून नको. मंडप, स्टेज, मेहंदीचे ताट, दारातील चपला टिपाव्यात. दहा-वीस फोटोंत बोटे कामाला लागतात. हात थरथरला तर कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पाठ खांबाला लावावी, श्वास सावकाश सोडत बटण दाबावे. पहिले काही फोटो पडद्यावर मोठे करून तपासावेत. नंतर प्रत्येक फोटो पाहत बसू नये, कारण तेवढ्यात पुढचा प्रसंग हुकतो. कॅमेरा बंद पडलाच तर आरडाओरड न करता दुसरा काढावा. तो त्यासाठीच आणलेला असतो. रात्री घरी पोचताच, जेवणाआधी, सर्व फोटो दोन ठिकाणी उतरवावेत.

शिंपीमास्तर नव्या कारीगराला पहिल्याच दिवशी शेरवानी कापायला देत नाहीत. आधी काजे-बटणे, मग पायजमा, मग कुर्ता. त्याच रीतीने अनुभवी उस्तादासोबत दोन-तीन लग्नांत बिनमोबदला उभे राहावे आणि मगच स्वतःचा बयाणा घ्यावा. थोडी धडधड तरीही राहील, ती राहू द्यावी. दुसऱ्याच्या घरची खुशी आपल्या हाती सोपवली आहे, याची जाणीव तिच्यातूनच राहते.