एका पैशाचे कलकत्ता

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंतचे सुमारे १९७० किलोमीटरांचे अंतर थोड्या पैशांत आणि तरीही मानाने तोडता यावे, अशी तजवीज करणारी गीतांजली एक्सप्रेस १९७७ च्या डिसेंबरात प्रथम धावली, तेव्हा तिला एकच वर्ग होता. प्रवाशांतला पंक्तिप्रपंच मोडण्याचा हा आग्रह तत्कालीन रेल्वेमंत्री मधू दंडवते यांचा. पुढे त्याच गाडीला वातानुकूलित डबे लागले, पंक्ती पुन्हा मांडल्या गेल्या, आणि आमच्यासारख्यांनी आपले पान शयनयानात वाढून घेतले. एक दिवस, एक रात्र आणि वर काही तास एवढा प्रवास त्या डब्यात करून जो उतारू हावड्याच्या फलाटावर पाय ठेवतो, त्याच्या खिशाची परीक्षा टॅक्सीवाले स्टेशनाच्या दारातच घेऊ पाहतात. त्याने तिकडे पाठ फिरवून सरळ समोरच्या घाटावर जावे.

तेथून हुगळीपार जाणाऱ्या लाँचचे तिकीट अगदी किरकोळ असते, आणि हावड्याच्या पुलाचे जे दर्शन पुलावरच्या गर्दीत कधीच घडत नाही, ते या लाँचच्या कठड्याशी उभे राहिल्यावर अनायासे घडते. १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलात २६,५०० टन पोलाद आहे, पण नट-बोल्ट म्हणून नाही, सारे काम रिव्हेटांचे. युद्धकाळ असल्यामुळे उद्घाटनाचा समारंभ झाला नाही आणि त्यावरून पहिली गेली ती एक ट्राम. नदी ओलांडण्याचा तिसरा मार्ग २०२४ च्या मार्चात नदीच्या तळाखालून निघाला. हावडा मैदानाहून एस्प्लनेडला जाणारी मेट्रो पाण्याखालचे ५२० मीटर सुमारे पाऊण मिनिटात कापते, आणि एवढ्या अद्भुताचे दहा रुपये घेते. पुलावरून पायी जाण्याचे तर काहीच पडत नाही. दारिद्र्यात निवड नसते असे म्हणतात. येथे नदीच्या काठीच तीन पर्याय हात जोडून उभे असतात.

कलकत्ता स्वस्त का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक 'गरिबी' या एका शब्दात देऊन मोकळे होतात. ते मला कधीच पटले नाही. कारण गरीब शहरे पुष्कळ आहेत आणि त्यांतली कित्येक परक्या पाहुण्याला निर्दयपणे लुबाडतात. माझ्या समजुतीप्रमाणे या स्वस्ताईचा मूळ पुरुष म्हणजे केरानी, म्हणजेच आपला कारकून. १९११ साली राजधानी दिल्लीला हलविण्याचे फर्मान निघेपर्यंत साऱ्या हिंदुस्थानचा कारभार येथल्या दफ्तरांतून चाले. त्याखेरीज ताग, चहा आणि कोळसा यांच्या पेढ्या होत्या, बंदर होते, आणि या सर्वांना लेखणी चालविणारे हजारो हात हवे होते. हे हात गावाकडून येत. बायकामुले मागे ठेवून, दरमहा मनीऑर्डर करण्याची जोखीम अंगावर घेऊन येत. तुटपुंज्या पगारातून घरी पैसे धाडून उरेल तेवढ्यात ज्याला राहायचे, जेवायचे, कचेरीला जायचे आणि क्वचित शौकही करायचा, अशा माणसाच्या मापाने हे शहर बेतले गेले, आणि आजचा तुटीच्या अंदाजपत्रकावर फिरणारा मुशाफिर नकळत त्याच्याच मापाचा अंगरखा घालून हिंडत असतो.

केरान्याचे बिऱ्हाड म्हणजे 'मेसबाडी'. एका खोलीत चार तक्तपोश, सामाईक आचारी आणि महिन्याच्या बाजाराचा आळीपाळीने ठेवायचा जमाखर्च, एवढा तिचा संसार. हॅरिसन रोडवर, म्हणजे आताच्या महात्मा गांधी मार्गावर, अशा मेस दाटीने होत्या. तेथल्या प्रेसिडेन्सी बोर्डिंग हाउसात शरदिंदु बंद्योपाध्याय राहिले, आणि त्यांच्या कथांतला गुप्तहेर व्योमकेश बक्षी वाचकांना पहिल्यांदा भेटतो तोही एका मेसमध्येच. ज्यांना मेसची शिस्त मानवेना किंवा तेथे जागा मिळेना, त्यांच्यासाठी 'पाइस हॉटेल' निघाले. पाइस म्हणजे पैसा. पैशाच्या हिशेबाने अन्न मिळायचे ठिकाण ते पाइस हॉटेल. गिरगावातल्या खानावळीशी त्याचे नाते सख्ख्या भावंडाचे खरे, परंतु एक भेद मूलगामी आहे. आपली खानावळ 'राइस प्लेट' म्हणून एक ताट पुढे करते आणि त्यातले काय खावे, काय टाकावे ही चिंता तुमच्यावर सोडते. पाइस हॉटेलात ताट असे नसतेच. भाताचा भाव निराळा, डाळीचा निराळा, शुक्तो, मोचार घंट, पोस्त आणि माशाचा झोल यांचे निराळे; लिंबाच्या फोडीचा आणि काही ठिकाणी तर ज्यावर जेवायचे त्या केळीच्या पानाचाही आकार वेगळा लागतो. प्रथमदर्शनी हे कद्रूपणाचे वाटते. दोन दिवस जेवल्यावर ध्यानात येते, की ज्याच्या खिशात आज केवळ भात, डाळ आणि पानाचे पैसे आहेत, त्याला न परवडणाऱ्या माशाची किंमत ताटाच्या मिषाने भरावी लागू नये, एवढ्यासाठी केलेला हा सूक्ष्म न्याय आहे. फळ्यावर खडूने लिहिलेली यादी रोज बदलते, कारण ती त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून असते. वाढपी ती यादी एका दमात म्हणून दाखवितो, आणि जेवण उरकल्यावर प्रत्येकाने काय काय घेतले हे गल्ल्यापर्यंत अचूक ओरडून सांगतो.

कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमधले असे एक हॉटेल १९२७ पासून चालू आहे. ओडिशातून आलेल्या गृहस्थाने ते 'हिंदू हॉटेल' या नावाने काढले आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्या नावाच्या आधी 'स्वाधीन भारत' असे दोन शब्द जोडले. तेथे मी पहिल्यांदा जेवलो तेव्हा पोस्त दोनदा मागविले आणि दुसऱ्या वाढीचा हिशेब मनात धरायला विसरलो; वाढपी विसरला नव्हता.

ट्रामचे प्रकरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. सियालदह ते आर्मेनियन घाट ही घोड्यांची ट्राम १८७३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बंद पडली. १८८० साली लंडनमध्ये कंपनी नोंदविली गेल्यावर तिला स्थैर्य आले आणि १९०२ पासून ती विजेवर धावू लागली. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे. मागचा दुसऱ्या वर्गाचा, त्यात वारा खिडकीतून येईल तेवढाच. १९५३ च्या जुलैत या विलायती कंपनीने दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एक पैसा वाढ केली, आणि विधानचंद्र राय यांच्या सरकारने तिला पाठिंबा दिला. एक पैसा तो काय, असे कंपनीच्या हिशेबनीसांना वाटले असावे. पण ज्याचा दिवस पैशापैशाने रचलेला असतो, त्याच्या रचनेतला एक पैसा काढला की वरचे सगळे ढासळते, हे त्यांच्या कीर्दीत कोठे लिहिलेले नव्हते. लोकांनी जुनेच भाडे हातावर ठेवले, नवे देण्याचे साफ नाकारले. मोर्चे निघाले, ट्रामगाड्या जळल्या, लाठ्या आणि गोळ्या चालल्या, आणि महिनाभराच्या संघर्षानंतर वाढ तहकूब करावी लागली. आज जो पाहुणा कलकत्त्याच्या स्वस्ताईची तारीफ करतो, त्याने हेही जाणावे की ती कोणी दान दिलेली नाही, रस्त्यावर उतरून वसूल केलेली आहे. त्या ट्रामचे अलीकडे थोडेच मार्ग उरले होते. मैदान ते एस्प्लनेड हा एक शोभेचा मार्ग ठेवून बाकीची सेवा आवरण्याचा मनोदय राज्य सरकारने २०२४ साली जाहीर केला. ट्रामच्या संथपणाला हसणारे लोक तो संथपणा किती स्वस्त पडे, हे विसरतात.

असेच एक उदाहरण कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसचे. जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ साली निघालेले हे घर १९५८ साली बंद करण्याचे घाटले, तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला, ते पुन्हा उघडले, आणि पुढे कामगारांच्या सहकारी संस्थेने ते सांभाळले. बिनदुधाच्या कॉफीला तेथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. एका पेल्यावर दुपार काढली तरी पगडीवाला वाढपी उठा म्हणत नाही. खाली रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. माझ्यासारख्याच्या अंदाजपत्रकाला खरा धोका जेवणापेक्षा त्यांचाच.

शेवटच्या दिवशी मी बागबाजारात गेलो, तो एका गल्लीच्या पाटीसाठी: मराठा डिच लेन. रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्तेकरांनी भयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला; सात मैलांचा संकल्प, पैकी तीन मैल झाले, बर्गी, म्हणजे मराठे स्वार, काही तेथवर आले नाहीत, आणि काम राहिले. १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून वर सर्क्युलर रोड काढला. लहान मुलांना निजविताना बर्गी येतील म्हणून भय घालण्याची चाल मात्र बंगाली घरांत खंदकाहून पुष्कळ अधिक टिकली. याच शहरात पुढे सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घराण्यातल्या गृहस्थाने 'हितवादी' पत्रात लेखणी झिजवून १९०४ साली 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिले. इंग्रजी अमलाखाली देशाचे धन कसे वाहून गेले याचा हिशेब त्यात मांडला होता, आणि सरकारला तो इतका झोंबला की १९१० साली पुस्तक जप्त झाले. चौथाई वसूल करायला गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या एकाने असे काही बंगालला देऊनही ठेवले.

गल्लीच्या तोंडाशी चहाचे दुकान होते. मातीच्या भांडातला चहा मी सावकाश प्यालो, रिकामे भांड रिवाजाप्रमाणे टोपलीत टाकले, आणि सुटे पैसे मोजून दिले. "दादा, कोठून आलात?" असे दुकानदाराने सहज विचारले, पाटीकडे पाहत मी "बॉम्बे" एवढेच सांगून निभावून नेले.