२०० अँपिअर, पण किती वेळ?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हात बसलेला माणूस घरी वर्कशॉप थाटतो, तेव्हा मिग, टिग आणि रॉड तिन्ही चालणारं वेल्डिंग मशीन घेताना आधी अँपिअर विचारतो. पण '२०० अँपिअर' म्हणजे दिवसभर २०० नव्हे. पाहायची ती ड्यूटी सायकल (दर १० मिनिटांतला वेल्डिंगचा वेळ). २०० अँपिअरला ती ३० टक्के असेल, तर ३ मिनिटं काम, ७ मिनिटं विश्रांती. स्वयंपाकघरातला मिक्सर तापला की थांबवतो, तसंच. करंट उतरवला की वेळ वाढतो. ड्यूटी सायकलचं हे माप सहसा ४० अंश तापमानाचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली नाशिककरांनी थोडं कमीच धरावं. ग्रिल-गेटसाठी २.५ मिलिमीटरच्या रॉडला ७० ते १०० अँपिअर पुरतात. अ‍ॅल्युमिनियमला टिग करायचं असेल, तर मात्र एसी टिग आहे का ते विचारा. स्वस्त मशिनांत बहुधा डीसीच असतं.