स्क्रीन काळी पडली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका. आधी थीम तपासा

पीक विम्याच्या मुदतीचे शेवटचे दिवस. गावातल्या सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग. तेवढ्यात केंद्रातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन अचानक काळी होते. अक्षरे पांढरी-पिवळी दिसू लागतात, बटणांचे रंग उडतात. रांगेतला एक जण म्हणतो, "व्हायरस आला." दुसरा म्हणतो, "तालुक्याला न्या, फॉरमॅट मारून द्या." मशीन गाडीवर बांधून तालुक्याला जाते आणि संध्याकाळी कोरे करकरीत होऊन परत येते. स्क्रीन छान पांढरी झालेली असते. पण डेस्कटॉपवर ठेवलेले लोकांचे सातबारे, आधारच्या स्कॅन प्रती, अर्जांच्या पावत्या, श्रीलिपी, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर, सगळे गेलेले असते.

असा प्रसंग कुठल्याही गावात घडू शकतो. ग्रामपंचायतीत, शाळेत, कृषी सेवा केंद्रात, पतसंस्थेत. आणि यातली दुःखाची गोष्ट अशी, की अनेकदा कॉम्प्युटरला काहीही झालेले नसते. फक्त थीम बदललेली असते. ती दोन मिनिटांत, एक रुपया न घालवता परत आणता येते.

थीम म्हणजे बैलाची झूल

पोळ्याला बैलाला झूल घालतात, शिंगे रंगवतात. त्याने बैल बदलत नाही, त्याची ताकदही बदलत नाही. थीमचे अगदी तसेच आहे. मागचे चित्र, खिडक्यांचे रंग, अक्षरांचा रंग, माऊसचा बाण, आवाज, हे सगळे मिळून थीम होते. तुमची फाइल, तुमचा हिशोब, तुमचे फोटो यांना थीम हातही लावत नाही.

ही सोय नवी नाही. विंडोज 95 च्या काळात मायक्रोसॉफ्टने 'प्लस' नावाचे वेगळे पॅक काढले होते, त्यात डेस्कटॉप थीम्स होत्या. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आले ते निळ्या पट्टीचे. पण तीच पट्टी चंदेरी किंवा ऑलिव्ह हिरवी करता यायची. 2016 च्या अपडेटमध्ये विंडोज 10 ला डार्क मोड मिळाला. आज वर्ड, क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस, प्रत्येकाची स्वतःची वेगळी थीम असते. गोंधळ इथेच होतो. रंग नेमका कोणी बदलला, विंडोजने की त्या एका प्रोग्रामने, हेच आधी कळत नाही.

पहिली तपासणी: सगळीकडे की एकाच ठिकाणी?

स्क्रीन विचित्र दिसली की आधी दोन-तीन वेगवेगळे प्रोग्राम उघडून बघावेत. वर्ड काळे, पण क्रोम आणि फोल्डर नेहमीसारखे, तर बदल वर्डमध्ये आहे. सगळेच काळे, तर बदल विंडोजमध्ये आहे. आणि अक्षरांच्या जागी चौकोन किंवा अगम्य इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर तो थीमचा विषयच नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट मशीनवर नसला की अशी दिसते. तो फॉन्ट टाकला की मजकूर जसाच्या तसा वाचता येतो.

सगळीकडे बदल झाला असेल तर

एकदम काळी स्क्रीन आणि भडक अक्षरे, हे हाय कॉन्ट्रास्टचे लक्षण आहे. कीबोर्डवरचे डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणे एकत्र दाबली गेली की विंडोज विचारते, हाय कॉन्ट्रास्ट चालू करायचा का? घाईत कोणीतरी न वाचता 'येस' दाबतो. बंद करायचे तर तीच तीन बटणे पुन्हा एकत्र दाबावीत. तेवढ्याने झाले नाही तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कॉन्ट्रास्ट थीम्स या रस्त्याने जाऊन 'नन' निवडावे आणि 'अप्लाय' दाबावे. विंडोज 10 मध्ये हीच सोय ईज ऑफ ॲक्सेसमध्ये हाय कॉन्ट्रास्ट नावाने आहे.

हाय कॉन्ट्रास्ट हा बिघाड नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्यांना कमी दिसते अशांसाठी ती मुद्दाम दिलेली सोय आहे. गावातल्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत एखाद्या वयस्कर माणसाला बारीक फिकट अक्षरे वाचता येत नसतील, तर त्यांच्यापुरती ती चालू करून द्यावी. काम झाल्यावर बंद करावी.

स्क्रीन काळी-पांढरी, जुन्या टीव्हीसारखी झाली असेल तर कलर फिल्टर चालू झालेला असतो. ॲक्सेसिबिलिटीमध्ये कलर फिल्टर्स बंद करावेत. स्क्रीन पिवळसर झाली असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे 'नाइट लाइट' पाहावे. स्क्रीन मोठी होऊन माऊसमागे पळत असेल तर ते मॅग्निफायर आहे. विंडोज बटण आणि एस्केप एकत्र दाबले की बंद होते. फक्त वेबसाइटची अक्षरे लहान-मोठी झाली असतील तर कंट्रोल आणि शून्य दाबावे, झूम पुन्हा शंभर टक्क्यांवर येते.

यातले काहीच नसेल आणि थीम बदललेली असेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स इथे जावे. तिथे विंडोजसोबत आलेल्या थीम्स दिसतात. त्यातली 'विंडोज लाइट' निवडली की मूळचे रंग परत येतात. शेजारीच 'कलर्स'मध्ये लाइट, डार्क आणि कस्टम असे तीन पर्याय असतात.

काही मशीनवर हे पर्याय दाबताच येत नाहीत. आधी विंडोज ॲक्टिव्हेट करा, असे तिथे लिहून येते. विंडोजचे लायसन्स चालू नसेल तर पर्सनलायझेशनचे हे पर्याय बंद राहतात. त्याला व्हायरस समजू नये. पण मशीन विकत घेताना दुकानदाराने खरे विंडोज टाकून दिले आहे का, हे मात्र विचारून घ्यावे.

एकाच प्रोग्राममध्ये बदल झाला असेल तर

वर्ड, एक्सेल: फाइल, अकाउंट, ऑफिस थीम या रस्त्याने जाऊन 'कलरफुल' किंवा 'व्हाइट' निवडावे. नव्या वर्डमध्ये काळी थीम घेतली की टाइप करायचे पानही काळे होते. फक्त पान पांढरे करायचे असेल तर 'व्ह्यू'मध्ये 'स्विच मोड्स' दाबावे. काळ्या पानावर टाइप केले तरी प्रिंट पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांतच येते, त्यामुळे टोनर संपेल ही भीती नको. आणखी एक गोष्ट: एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने दोन मशीनवर लॉगिन असेल, तर अकाउंटमधून बदललेली थीम दुसऱ्या मशीनवरही जाते. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत केलेला बदल लॅबमध्ये दिसू शकतो तो यामुळे.

क्रोम: सेटिंग्ज, अपिअरन्स, तिथे थीमसमोर 'रिसेट टू डिफॉल्ट' असते.

फायरफॉक्स: ॲड-ऑन्स अँड थीम्समध्ये 'सिस्टिम थीम' चालू करावी.

व्हीएलसी: नवी स्किन टाकली आणि मेनूच सापडेनासा झाला तर कंट्रोल आणि पी दाबावे. प्रेफरन्सेस उघडतील. तिथे 'यूज नेटिव्ह स्टाइल' निवडून सेव्ह करावे आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा.

लिबरऑफिस: 'टूल्स', 'ऑप्शन्स'मध्ये रंगांचे पान आहे. तिथून जमले नाही तर 'हेल्प'मध्ये 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे. सेफ मोडमध्ये स्क्रीन नीट दिसली, तर बिघाड सेटिंगचाच आहे हे पक्के होते. मग तिथेच मूळ सेटिंग आणण्याचा पर्याय मिळतो. कागदपत्रे जागच्या जागी राहतात. आपण शिकवलेले शब्द, स्वतः बनवलेले नमुने मात्र पूर्ण प्रोफाइल पुसल्यावर जाऊ शकतात.

'रिसेट' शब्द एक, अर्थ तीन

खरी गफलत या एका शब्दाने होते. फोनवर कोणीतरी सांगतो, "रिसेट मार." समोरचा सेटिंग्जमध्ये जिथे रिसेट लिहिलेले दिसेल तिथे मारतो. शेतकऱ्याला हे तीन रिसेट शेतकामाच्या भाषेत लवकर समजतील.

पहिला, थीमचा रिसेट. ही खुरपणी. नको ते तण निघते, पीक जागेवर राहते. फक्त रंग आणि चित्र मूळचे होते. हा रिसेट बिनधास्त करावा.

दुसरा, एका प्रोग्रामचा रिसेट. ही कोळपणी. जरा जपून. क्रोममध्ये सगळी सेटिंग मूळ स्थितीत आणली तर बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन बंद होतात आणि वेबसाइटवरचे लॉगिन निघून जाते. विंडोजच्या ॲप यादीत काही ॲपला 'रिपेअर' आणि 'रिसेट' असे दोन पर्याय असतात. रिपेअरने ॲपमधली माहिती राहते, रिसेटने पुसली जाते. म्हणून आधी रिपेअर, मग गरज पडलीच तर रिसेट.

तिसरा, 'रिसेट धिस पीसी'. ही उभ्या पिकातली नांगरट. यात दोन पर्याय येतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळे पुसणे. 'कीप माय फाइल्स' म्हणजे फाइल राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम निघून जातात. म्हणजे फाइल वाचल्या तरी मराठी टायपिंग, स्कॅनर, डिजिटल सही, सगळे पुन्हा बसवावे लागते. दुकानातला फॉरमॅट हा याच्याही पुढचा प्रकार. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही जातात, कारण सहसा ते सी ड्राइव्हमध्येच असतात. आणि गावातल्या बहुतेक मशीनवर लोकांची कागदपत्रे नेमकी डेस्कटॉपवरच पडलेली असतात.

रंग बिघडला म्हणून तिसऱ्या रिसेटला कधीच जाऊ नये. खुरप्याचे काम नांगराने करायचे नसते.

मशीन दुकानात देण्याआधी एक युक्ती

तरीही समजत नसेल, तर सेटिंग्जमधून विंडोजचा एक नवा युजर तयार करावा आणि त्या नावाने लॉगिन करून बघावे. थीम प्रत्येक युजरची वेगळी साठवली जाते. नव्या युजरमध्ये स्क्रीन नीट दिसली तर मशीन ठणठणीत आहे, बिघाड फक्त जुन्या युजरच्या सेटिंगमध्ये आहे. नव्या युजरमध्येही गडबड दिसली तर मॉनिटरची वायर, मॉनिटरचे स्वतःचे बटण आणि डिस्प्ले ड्रायव्हर तपासायला सांगावे. त्यातही फॉरमॅट पहिला नाही, शेवटचा उपाय.

आणि द्यायचेच झाले तर आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तीन फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. त्यात लोकांचे आधार, बँक पासबुक असते. तो पेनड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवावा. दुकानदाराला तोंडी नाही, कागदावर लिहून सांगावे: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.

नवी थीम टाकायची असेल तर

हौसेला मोल नाही. गणपतीत डेस्कटॉपवर गणपती, सुगीत हिरवे शिवार, यात गैर काही नाही. फक्त दोन पथ्ये पाळावीत. आधी थीम्सच्या पानावर जाऊन सध्याची थीम 'सेव्ह' करून नाव द्यावे. मग कितीही प्रयोग केले तरी एका क्लिकवर जुनी परत येते.

दुसरे, थीम मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्यावी. विंडोजची थीम फाइल डॉट थीमपॅक किंवा डॉट डेस्कथीमपॅक अशा शेपटीची असते. थीम म्हणून डॉट ईएक्सई फाइल आली, तर ती उघडू नये; तो चालणारा प्रोग्राम असतो आणि तो मशीनमध्ये काहीही करू शकतो. साध्या थीम फाइलच्या आडूनही विंडोजच्या लॉगिनची माहिती चोरता येऊ शकते, हे 2020 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले होते. ज्या मशीनवर लोकांचे अंगठे घेतले जातात, तिथे ओळखीपाळखीतून आलेली थीम नकोच.

काळ्या थीमने वीज वाचते, असाही एक समज आहे. ओएलईडी स्क्रीनच्या मोबाइलवर त्यात तथ्य आहे, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. ऑफिसातल्या साध्या एलसीडी मॉनिटरमागे मात्र दिवा सतत पेटलेला असतो, स्क्रीन काळी असो की पांढरी. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर जास्त वेळ चालवायचा असेल तर थीम नाही, मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करावा.

सेवा केंद्र, शाळा, ग्रामपंचायत, जिथे मशीन अनेकांच्या हाताखालून जाते, तिथे एका पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहून मॉनिटरशेजारी लावून ठेवाव्यात: डावे ऑल्ट, डावे शिफ्ट, प्रिंट स्क्रीन. नंतर सेटिंग्जमधली थीम. आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. विम्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या माणसाची एक चक्कर या तीन ओळींनी वाचेल.